जपानमधील मालिशीचा परवाना : कायदा, परीक्षा आणि दृष्टिहीनांचा हक्क

टोकियोच्या पूर्वेकडील निशी-कासाई असो किंवा योकोहामाचे एखादे उपनगर, स्थानकातून बाहेर पडून घराकडे चालू लागले की अंग चेपून देणाऱ्या दुकानांच्या पाट्या हमखास दिसतात. एकीवर ‘सेइताई’ लिहिलेले असते, दुसरीवर ‘मोमिहोगुशी’, तिसरीवर ‘सेइकोत्सुइन’ आणि चौथीवर ‘शिन्क्यू-मसाज’. दिवसभर संगणकापुढे बसून मान आखडलेल्या माणसाला या पाट्यांतील फरक कळत नाही, आणि कळावा असे त्या क्षणी त्याला वाटतही नाही. कायद्याच्या लेखी मात्र हा फरक मोठा आहे. शेवटच्या दोन ठिकाणी किमान तीन वर्षे शरीरशास्त्र शिकून राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती असणे बंधनकारक आहे. पहिल्या दोन ठिकाणी आठवडाभराचे प्रशिक्षण घेऊन कामाला लागलेली व्यक्तीही असू शकते.

जपानमधील मराठी कुटुंबांत हा विषय आणखी दोन वाटांनी येतो. कोणी पुण्यात किंवा केरळात पंचकर्माचा अभ्यासक्रम केलेला असतो आणि येथे अभ्यंगाचा छोटा व्यवसाय सुरू करता येईल का, असे त्याला विचारायचे असते. कोणाच्या घरी बाळंतपण असते आणि आई-सासूबाई परत गेल्यावर बाळाला तेल लावायला कोणी मिळेल का, याचा शोध चाललेला असतो. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच कायद्यापाशी येऊन थांबतात. त्या कायद्याची ही ओळख.

परवाना कोणत्या कामाला लागतो

२० डिसेंबर १९४७ रोजी जाहीर झालेला १९४७ चा कायदा क्रमांक २१७ हा या व्यवसायाचा पाया आहे. त्याच्या आजच्या नावात तीन व्यावसायिकांचा उल्लेख आहे : आन्मा-मसाज-शिआत्सु करणारे, ‘हारी’ म्हणजे सुया टोचून उपचार करणारे, आणि ‘क्यू’ म्हणजे योमोगी या दवण्याच्या कुळातील वनस्पतीच्या पानांचा कापूस त्वचेवर जाळून शेक देणारे. हे तीन स्वतंत्र परवाने आहेत. एकाच व्यक्तीने तिन्ही मिळवलेले असणे ही सामान्य गोष्ट आहे.

आन्मा, मसाज आणि शिआत्सु या तीन पद्धतींची मुळे वेगवेगळी असली तरी त्यांच्यासाठी परवाना एकच आहे. आन्मा ही चीनमधून आलेली जुनी पद्धत. कपड्यांवरून, शरीराच्या मध्यापासून हातापायांच्या टोकांकडे रगडत जाणारी. मसाज मेइजी काळात युरोपातून आला. तो उघड्या त्वचेवर, टोकांकडून हृदयाकडे केला जातो. शिआत्सु म्हणजे बोटांनी व तळव्यांनी ठरावीक बिंदूंवर दिलेला दाब. ही विसाव्या शतकातील जपानी घडण आहे. तोकुजिरो नामिकोशी यांनी तिला शाळा आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. १९५४ मध्ये जपानला आलेल्या मेरिलिन मन्रो यांच्यावर त्यांनी उपचार केले, तेव्हा शिआत्सु हा शब्द घरोघरी पोहोचला. १९५५ च्या दुरुस्तीने शिआत्सु कायद्यात आली आणि १९६४ मध्ये परवान्याला आजचे लांबलचक नाव मिळाले.

कायद्याचे पहिले कलम सरळ आहे. डॉक्टर नसलेल्या ज्या व्यक्तीला हे काम व्यवसाय म्हणून करायचे आहे, तिने त्या-त्या कामाचा परवाना घेतलाच पाहिजे. त्याचे उल्लंघन केल्यास ५ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. परवानाधारकावरही मर्यादा आहेत. तो शस्त्रक्रिया करू शकत नाही, औषध देऊ शकत नाही, आणि मोडलेल्या किंवा निखळलेल्या भागावर डॉक्टरांच्या संमतीशिवाय हात लावू शकत नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. स्वतःचे उपचारगृह उघडल्यावर दहा दिवसांच्या आत स्थानिक प्रशासनाला कळवावे लागते.

हाडवैद्यांची व्यवस्था वेगळी आहे. ‘ज्यूदो-सेइफुकुशी’ नावाने ओळखले जाणारे हे व्यावसायिक पूर्वी याच कायद्याखाली होते; १९७० मध्ये त्यांचा स्वतंत्र कायदा झाला. मुरगळणे, मुका मार, सांधा निखळणे ही त्यांची कामे. त्यांच्या दुकानाला ‘सेइकोत्सुइन’ किंवा ‘सेक्कोत्सुइन’ म्हणतात. ‘सेइकोत्सु’ आणि ‘सेइताई’ हे शब्द कानाला जवळचे वाटतात आणि नवख्या माणसाची फसगत बहुधा तेथेच होते. पहिल्यामागे राष्ट्रीय परीक्षा आहे. दुसऱ्यामागे सरकारी परवाना नाही.

अंधांचा व्यवसाय

या कायद्यातील अनेक तरतुदी इतिहास पाहिल्याशिवाय उमगत नाहीत. आठव्या शतकातील जपानी राजसंहितेत वैद्यक खात्यात आन्मा शिकवणाऱ्या अधिकाऱ्याचे पद होते. पण या व्यवसायाला आजचे रूप दिले ते एदो काळाने, आणि त्यातही एका दृष्टिहीन माणसाने.

वाइची सुगियामा यांचा जन्म १६१० चा. बालपणीच त्यांची दृष्टी गेली. सुई टोचण्याची कला शिकायला ते टोकियोत, म्हणजे तेव्हाच्या एदोत आले. पण हात बसेना म्हणून गुरूने त्यांना परत पाठवले, असे सांगतात. एनोशिमा बेटावर उपवास करून परतताना ते ठेचकाळले आणि बांबूच्या नळीसारख्या वळलेल्या पानात अडकलेले पाइनचे सूचिपर्ण त्यांच्या हाताला लागले, अशी आख्यायिका आहे. तिच्यातून जी युक्ती सुचली ती मात्र आख्यायिका नाही : बारीक नळीतून सुई आत सोडायची, म्हणजे ती न डगमगता नेमक्या जागी बसते. डोळ्यांची गरज नसलेली ही पद्धत आज जपानमधील डोळस व्यावसायिकही वापरतात. पाचवे शोगुन त्सुनायोशी यांच्यावर त्यांनी उपचार केले. ‘काय हवे?’ असे शोगुनने विचारल्यावर त्यांनी ‘एक डोळा’ मागितला आणि शोगुनने त्यांना होंजो भागातील ‘हितोत्सुमे’, म्हणजे ‘एकाक्ष’, या नावाची जागा दिली, अशी कथा आहे. टोकियोच्या सुमिदा प्रभागात त्या जागी आजही त्यांचे स्मृतिमंदिर आहे. दृष्टिहीनांना सुया व आन्मा शिकवण्यासाठी त्यांनी काढलेली पाठशाळा ही अपंगांच्या व्यावसायिक शिक्षणाच्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी एक मानली जाते.

एदो काळात दृष्टिहीनांचा स्वतःचा संघ होता. त्यात पदांची उतरंड होती आणि आन्मा व सुया ही त्यांच्या उपजीविकेची मुख्य साधने होती. मेइजी सरकारने १८७१ मध्ये हा संघ मोडीत काढला आणि हजारो माणसांच्या पायाखालची जमीन सरकली. १९११ मध्ये गृहमंत्रालयाने आन्मा व सुई-शेक या व्यवसायांसाठी परीक्षा व परवान्याचे नियम केले, तेव्हा दृष्टिहीनांसाठी आन्माची एक सोपी परीक्षा ठेवण्यात आली. तोवर उभ्या राहिलेल्या अंधशाळांनी हाच व्यवसाय आपल्या अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणला होता.

१९४७ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाने या पारंपरिक पद्धती अशास्त्रीय व अस्वच्छ ठरवून त्यांवर बंदी आणण्याचा विचार पुढे केला. त्याविरुद्ध व्यावसायिक उभे राहिले. दृष्टिहीन माणसे काठ्या टेकत निदर्शनांत उतरली, वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकांनी बाजू मांडली. त्या वर्षाच्या अखेरीस बंदीऐवजी कायदा आला.

शिक्षण आणि परीक्षा

परवान्यासाठी बारावीनंतर किमान तीन वर्षांचे शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेत पूर्ण करावे लागते. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य, रुग्णतपासणी, पुनर्वसन, पौर्वात्य वैद्यक, शरीरातील बिंदू व वाहिन्या, आणि संबंधित कायदे हे विषय असतात. त्याखेरीज प्रत्यक्ष हातांचे काम आणि रुग्णांवरील सराव असतो.

पूर्वी परवाना राज्यपाल देत. १९८८ च्या दुरुस्तीने हा अधिकार केंद्रीय आरोग्यमंत्र्यांकडे गेला आणि १९९३ पासून राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. ती वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या अखेरीस होते. प्रश्न बहुपर्यायी असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के गुण लागतात. प्रश्नपत्रिका छापील, मोठ्या अक्षरांत, ब्रेलमध्ये आणि ध्वनिरूपात मिळते. परीक्षा जपानी भाषेतच होते. उत्तीर्ण झाल्यावर मंत्रालयाच्या नोंदवहीत नाव चढले की परवाना लागू होतो आणि त्याचे नूतनीकरण करावे लागत नाही. ग्राहकाला ओळख पटावी म्हणून २०१६ पासून छायाचित्र असलेले ओळखपत्रही दिले जाते. त्यावर मंत्र्यांच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख असतो.

महाराष्ट्रात याची तुलना करण्याजोगे काही नाही. आयुर्वेदाच्या वैद्याची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. पण पंचकर्म केंद्रात ज्याचा हात प्रत्यक्ष अंगावर फिरतो त्या सहायकाला, घरोघर जाऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बाईला किंवा चौपाटीवरच्या चंपीवाल्याला वैधानिक परवाना लागत नाही. तेथे विश्वास ओळखीवर चालतो. परक्या देशात ती ओळख नसते, म्हणून कागद महत्त्वाचा ठरतो.

१९६० चा निवाडा आणि त्यातून निघालेली फट

एवढा कडक कायदा असताना ‘सेइताई’ची दुकाने उघड कशी चालतात? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या २७ जानेवारी १९६० च्या निवाड्यात आहे. एका विद्युत उपकरणाने उपचार करणाऱ्या माणसावर, परवान्याविना वैद्यकसदृश व्यवसाय केल्याबद्दल खटला झाला होता. कायद्याच्या बाराव्या कलमानुसार असा कोणताही व्यवसाय निषिद्ध होता. राज्यघटनेने व्यवसायस्वातंत्र्य दिले असल्याने, मानवी आरोग्याला अपाय होण्याची शक्यता असलेल्या कृत्यांपुरतीच ही बंदी लागू होते, असे न्यायालयाने ठरवले आणि प्रकरण फेरतपासणीसाठी खाली पाठवले. गंमत अशी की फेरतपासणीत ते उपकरण अपायकारक ठरले आणि आरोपी शेवटी दोषीच ठरला. पण तत्त्व मागे राहिले, आणि त्याच्या आधाराने एक नवा बाजार उभा राहिला.

निवाड्यानंतर मंत्रालयाने लगेच स्पष्ट केले की परवान्याच्या कक्षेतील आन्मा, मसाज, शिआत्सु यांना ही सवलत नाही. ती कामे परवान्याविना करणे हा अपाय झाला नाही तरी गुन्हाच आहे. मग ‘मसाज’ म्हणजे नेमके काय? २००३ च्या एका पत्रात मंत्रालयाने सांगितले की, अंगाचे वजन टाकून, समोरच्याला वेदना जाणवेल इतक्या जोराने दाबणे यांसारखी, परवानाधारकाने न केल्यास शरीराला इजा होऊ शकेल अशी कृती या व्याख्येत येते. व्यवहारात या रेषेवर लक्ष ठेवणे अवघड आहे. त्यामुळे परवाना नसलेली दुकाने ‘मसाज’ हा शब्द टाळतात. ‘मोमिहोगुशी’, ‘बॉडी केअर’, ‘रिलॅक्सेशन’ असे शब्द वापरतात आणि ‘उपचार’ हा शब्दही लिहीत नाहीत. २०१३ मध्ये शासकीय उद्योग-वर्गीकरणात हातांनी केल्या जाणाऱ्या रिलॅक्सेशन व्यवसायाला स्वतंत्र स्थान मिळाले. ही आकडेवारीसाठी केलेली नोंद आहे; तिने कोणाला परवाना मिळत नाही. दुकानातल्या भिंतीवर टांगलेली खासगी संघटनांची आकर्षक प्रमाणपत्रेही परवान्याची जागा घेऊ शकत नाहीत.

या फटीची किंमत ग्राहक देतात. ग्राहक व्यवहार संस्थेने मे २०१७ मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार, सप्टेंबर २००९ ते मार्च २०१७ या काळात कायदेशीर परवाना-व्यवस्था नसलेल्या हस्तोपचारांतून झालेल्या इजांच्या १,४८३ नोंदी तिच्याकडे आल्या होत्या. त्यांपैकी २४० प्रकरणांत बरे व्हायला महिना किंवा त्याहून अधिक काळ लागला. मज्जातंतूंना झालेल्या इजा त्यांत होत्या. मानेला एकदम झटका देण्याच्या कृतीबद्दल मंत्रालयाने १९९१ मध्येच इशारा दिला होता.

कलम १९ : ‘तूर्तास’ची साठ वर्षे

परवान्याच्या आतही एक कुंपण आहे. १९६४ मध्ये कायद्यात एकोणिसावे कलम घालण्यात आले. दृष्टिबाधित व्यावसायिकांचे जगणे फार कठीण होऊ नये यासाठी गरज वाटल्यास, डोळस विद्यार्थ्यांना आन्मा-मसाज-शिआत्सु शिकवणारी नवी संस्था काढायला किंवा जागा वाढवायला मंत्री मान्यता नाकारू शकतात, असे ते सांगते. कलमाची सुरुवात ‘तूर्तास’ या अर्थाच्या शब्दाने होते. हा ‘तूर्तास’ साठ वर्षांहून अधिक काळ टिकला आहे.

त्याचा परिणाम १९९८ नंतर ठळक झाला. त्या वर्षी फुकुओका जिल्हा न्यायालयाने हाडवैद्यांच्या नव्या शाळेला मान्यता नाकारण्याचा सरकारचा निर्णय रद्द केला. त्यानंतर हाडवैद्यांच्या आणि सुई-शेकाच्या शाळा भराभर वाढल्या. आन्मा-मसाजच्या डोळस विद्यार्थ्यांसाठीच्या संस्था मात्र मोजक्याच राहिल्या. सुईचा परवाना असलेले तरुण पुष्कळ भेटतात, पण मसाजचाही परवाना असलेले त्यामानाने कमी भेटतात, याचे कारण हे आहे.

काही शिक्षणसंस्थांनी २०१६ मध्ये या कलमाला न्यायालयात आव्हान दिले. त्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. १९६० च्या दशकाच्या आरंभी या व्यवसायात निम्म्याहून अधिक दृष्टिबाधित होते. आज एकूण व्यावसायिक १ लाख २० हजारांच्या आसपास असून त्यांत दृष्टिबाधितांचा वाटा चतुर्थांशाहून कमी आहे. त्यांना इतर नोकऱ्याही मिळू लागल्या आहेत. अशा वेळी इतरांचे व्यवसायस्वातंत्र्य का अडवावे? ७ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाविरोधी नसल्याचा निर्णय दिला. दृष्टिबाधितांच्या उपजीविकेचे रक्षण हा सार्वजनिक हिताचा हेतू आहे, आणि डोळस व्यक्तींना असलेल्या संस्थांत शिकून परवाना मिळवण्याची वाट मोकळी आहे, असे न्यायालयाने मानले.

शेजारच्या देशांनी याच प्रश्नाची वेगळी उत्तरे दिली. दक्षिण कोरियात मसाजचा परवाना दृष्टिहीनांनाच मिळतो. तेथील घटनात्मक न्यायालयाने २००६ मध्ये ही तरतूद रद्द केली, तेव्हा दृष्टिहीनांनी तीव्र आंदोलन केले. संसदेने तरतूद परत आणली आणि २००८ मध्ये त्याच न्यायालयाने ती मान्य केली. त्याच वर्षी तैवानच्या न्यायालयाने तेथील तशीच मक्तेदारी घटनाबाह्य ठरवली. जपानने मधला मार्ग धरला : व्यवसाय सर्वांना खुला, पण शाळांच्या दारावर पहारा.

हे कोर्टकचेरीचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांच्या कार्यालयात रोज दिसते. जपानी कंपन्यांना ठरावीक प्रमाणात अपंग कर्मचारी नेमावे लागतात. हे प्रमाण एप्रिल २०२४ पासून २.५ टक्के आहे आणि जुलै २०२६ पासून ते २.७ टक्के होते. अनेक मोठ्या कंपन्या परवानाधारक दृष्टिबाधितांना ‘हेल्थ कीपर’ म्हणून नोकरीस ठेवतात आणि कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत त्यांची सेवा घेता येते. मजल्यावरच्या त्या छोट्या खोलीत आपली मान चेपणारा माणूस तीन वर्षे शिकून, ब्रेलमध्ये परीक्षा देऊन तेथवर आलेला असतो.

परदेशी नागरिकांसाठी वाट

आता मराठी वाचकाच्या मुख्य प्रश्नाकडे. परवान्याला नागरिकत्वाची अट नाही. परदेशी व्यक्ती जपानमधील मान्यताप्राप्त संस्थेत शिकून परीक्षा देऊ शकते. अडचण निवासपरवान्यात आहे. ‘वैद्यकीय सेवा’ या निवासप्रवर्गात डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, भौतिकोपचारतज्ज्ञ असे ठरावीक व्यवसाय आहेत; आन्मा-मसाज, सुई, शेक आणि हाडवैद्यक त्यांत नाहीत. म्हणजे विद्यार्थी म्हणून येऊन परवाना मिळवता येतो, पण केवळ त्या परवान्याच्या बळावर नोकरीचा व्हिसा मिळत नाही. कायमस्वरूपी रहिवासी, किंवा जपानी नागरिकाचे अथवा कायमस्वरूपी रहिवाशाचे पती-पत्नी यांच्या कामावर मर्यादा नसल्याने ही वाट खऱ्या अर्थाने त्यांच्यासारख्यांना खुली आहे.

अभियंत्याच्या व्हिसावर राहून जोडधंदा म्हणून हे काम करता येत नाही. अवलंबित व्हिसावरील जोडीदाराला परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते; मात्र ही सर्वसाधारण परवानगी तास मोजता येतील अशा नोकरीसाठी असते. स्वतःचा व्यवसाय करायचा असेल तर त्यासाठी स्वतंत्र, वैयक्तिक परवानगी मागावी लागते. ती न घेता घरच्या घरी पैसे घेऊन ग्राहक बोलावणे हा निवासकायद्याचा भंग ठरू शकतो आणि त्याची झळ कुटुंबाच्या व्हिसाच्या नूतनीकरणापर्यंत पोहोचू शकते.

आयुर्वेदाला जपानी कायद्यात वेगळे स्थान नाही. बीएएमएस पदवीला येथे वैद्यकीय परवान्याचा दर्जा नाही आणि पंचकर्माचे प्रमाणपत्र मसाजच्या परवान्याऐवजी चालत नाही. टोकियोत अभ्यंगाची आणि शिरोधारेची दुकाने आहेत. ती रिलॅक्सेशन म्हणून चालतात. सांधेदुखी बरी करतो, पाठीचे दुखणे घालवतो, असे लिहिताच ती रेषा ओलांडतात. भारतातून तेल आणून विकायचे झाल्यास प्रसाधनांच्या आयात-विक्रीचा परवाना आणखी वेगळा.

भारतातील फिजिओथेरपीचे पदवीधर असल्यास मात्र चित्र बरेच आशादायक आहे. १९६५ च्या संबंधित कायद्यात परदेशी शिक्षण घेतलेल्यांसाठी तरतूद आहे : मंत्र्यांनी शिक्षण समकक्ष ठरवले तर थेट राष्ट्रीय परीक्षेला बसता येते, आणि हा व्यवसाय ‘वैद्यकीय सेवा’ प्रवर्गातही मोडतो. डॉक्टरांच्या निर्देशानुसार भौतिकोपचार म्हणून मसाज करण्याची मुभाही त्या कायद्यात आहे. अर्थात जपानी भाषेवर उच्च पातळीचे प्रभुत्व ही पूर्वअट आहे.

बाळाला तेल लावणे

आपल्याकडे बाळाला तेल लावणे हा उपचार नसून संगोपनाचा भाग आहे. आई-वडिलांनी किंवा आजीने घरी तेल लावण्याला परवाना लागत नाही. कायदा व्यवसायाला लागू होतो. पैसे घेऊन परक्याच्या बाळाला मालिश करणे ही वेगळी बाब आहे आणि तिच्याबाबत जपानी समाज विशेष सावध आहे. त्याला कारण आहे. २०१४ मध्ये ओसाका येथे, प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली मान वळवणे-दाबणे अशा कृती करणाऱ्या एका महिलेच्या हातून चार महिन्यांच्या बाळाचा श्वास कोंडला आणि ते दगावले. तिच्याकडे कोणतीही वैद्यकीय पात्रता नव्हती. २०१५ मध्ये न्यायालयाने तिला निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवले. घरातील हलक्या हाताच्या तेलमालिशीचा याच्याशी संबंध नाही. पण ‘गावाकडे असेच करतात’ म्हणून बाळाला पायांना धरून उलटे करणे, हातपाय ताणणे, डोक्याला आकार देण्यासाठी दाबणे, या गोष्टी येथील डॉक्टरच काय, भारतातील बालरोगतज्ज्ञही करू नका म्हणून सांगतात. शंका असल्यास प्रभागाच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला विचारावे. नवजात बालकाच्या घरी भेट देणे हे तिच्या नेमून दिलेल्या कामात येते.

ग्राहक म्हणून पाहायच्या गोष्टी

दुखणे खरे असेल तर आधी अस्थिरोग डॉक्टरांकडे जावे. हाताला मुंग्या येणे, पायातील जोर कमी होणे, ताप यांपैकी काही असेल तर कोणत्याही दुकानात जाऊ नये. परवानाधारकाकडे जायचे ठरल्यास भिंतीवरचा परवाना किंवा ओळखपत्र पाहावे. ‘राष्ट्रीय परवाना आहे का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. ज्याच्याकडे तो असतो तो आनंदाने दाखवतो.

आरोग्य विम्याचे नियम काटेकोर आहेत. मसाजला विमा मिळतो तो स्नायूंचा पक्षाघात किंवा सांधे आखडणे अशा स्थितींत, आणि डॉक्टरांचे लेखी संमतिपत्र असेल तरच. हे संमतिपत्र सहा महिन्यांपर्यंत चालते. नुसता थकवा किंवा खांद्यांचा ताठरपणा विम्यात बसत नाही. हाडवैद्याकडेही तीव्र मुरगळणे, मुका मार यांसाठी विमा चालतो. जुनाट खांदेदुखीसाठी नाही. काय लिहिले आहे हे न वाचता विम्याच्या कागदावर सही करू नये. वार्षिक करविवरणपत्रात मात्र परवानाधारकाकडून उपचारासाठी घेतलेल्या सेवेचा खर्च वैद्यकीय वजावटीत धरता येतो, म्हणून पावत्या जपाव्यात. विश्रांतीसाठी केलेला खर्च त्यात मोजला जात नाही, आणि परवाना नसलेल्या दुकानाची पावती तर मुळीच चालत नाही.

स्थानकाबाहेरच्या त्या चार पाट्यांखालून रोज जाताना यापुढे निदान एवढे तरी वाचता यावे : कोणती पाटी परीक्षेने मिळालेली आहे आणि कोणती भाड्याच्या गाळ्याबरोबर आलेली. वेदना घेऊन जाणाऱ्या माणसाला ते ठाऊक असणे त्याच्या मानेसाठी बरे. आणि सुया-मालिशीवर घर चालवणाऱ्या त्या दृष्टिहीन कारागिरासाठीही ते महत्त्वाचे आहे, कारण शेजारच्या स्वस्त दुकानाशी त्याची स्पर्धा आहे आणि त्याची पाटी आपणच वाचायची आहे.